नाव चुकलं की वय चुकतं: जुरासिक काळातले सूक्ष्म जीवाश्म ओळखणं एआयला जड का जातंय?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेतून एक बातमी आली. ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात पकडलेला कार्बन डायऑक्साइड जहाजाने ओयगार्डनच्या टर्मिनलवर आणला गेला. तिथून सुमारे १०० किलोमीटरच्या पाइपलाइनमधून तो उत्तर समुद्रात नेला आणि समुद्रतळाच्या २,६०० मीटर खाली खडकात भरला. प्रकल्पाचं नाव नॉर्दर्न लाइट्स. इक्विनॉर, शेल आणि टोटल एनर्जीज यांची ही भागीदारी. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १५ लाख टन.

बातम्यांमध्ये जहाजं दिसली, चकचकीत टाक्या दिसल्या. खडकाबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. हा वायू भरला जातो योहान्सेन आणि कुक नावाच्या वाळूच्या खडकांत. त्यांच्या वर ड्रेक नावाच्या शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचा थर आहे. तोच बाटलीच्या बुचासारखा वायूला खाली अडवून धरतो. हे सगळे थर जुरासिक काळाच्या सुरुवातीच्या टप्प्यात साठलेले आहेत. जुरासिक काळ म्हणजे सुमारे २० कोटी ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा.

आता एक साधा प्रश्न. एका विहिरीत सापडलेला काळा शेल आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या विहिरीत सापडलेला काळा शेल हा एकच थर आहे हे कसं ठरवायचं? रंग सारखा, पोत सारखा. तरी एक दुसऱ्यापेक्षा लाखो वर्षांनी तरुण असू शकतो. दोन वेगळ्या थरांना एकच समजलं, तर आपण नकाशावर एक अखंड बूच काढू, जे प्रत्यक्षात नसेलच.

भूकंपलहरींचं चित्रण, विहिरीतली विद्युत मोजणी, दाबाच्या चाचण्या अशी बरीच साधनं यासाठी वापरतात. पण "हा थर किती जुना?" या प्रश्नाचं उत्तर देणारा एक महत्त्वाचा साक्षीदार डोळ्यांना दिसतही नाही. तो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट सिस्ट. आणि सध्या या साक्षीदाराची ओळख पटवणारी माणसं कमी होत चालली आहेत. "मग एआय करेल की!" असं लगेच मनात येतं. ते इतकं सोपं का नाही, हे समजायचं तर आधी ओळख पटवतात कशी ते पाहावं लागेल.

आधी हा जीव कोण?

कोकण किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे रील तुम्ही पाहिले असतील. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची असते, आणि नॉक्टिल्युका हा एक डायनोफ्लॅजेलेट आहे. या गटातल्या बहुतेक जीवांना दोन शेपट्या असतात. एक कमरेभोवतीच्या खोबणीत गुंडाळलेली, दुसरी खाली लोंबणारी. दोन्ही हलल्या की जीव गिरक्या घेत पुढे सरकतो.

अनेक जातींच्या अंगावर सेल्युलोजच्या छोट्या छोट्या प्लेट असतात. फुटबॉलवर कसे तुकडे जोडलेले असतात, तसं. पण हे चिलखत जीव मेल्यावर कुजून जातं. त्यामुळे ते जीवाश्म म्हणून उरत नाही.

उरतो तो सिस्ट. जीवनचक्राच्या एका टप्प्यात काही जाती स्वतःभोवती कडक आवरण तयार करतात आणि तळाशी जाऊन सुप्त पडून राहतात. बी जसं मातीत थांबतं, तसंच. वेळ आली की आवरणाचा एक तुकडा उघडतो, आतला जीव बाहेर पडतो आणि रिकामं आवरण चिखलात राहतं. हे आवरण इतकं चिवट असतं की ते कोट्यवधी वर्षं टिकतं. आज जगणाऱ्या जातींपैकी साधारण दहा ते वीस टक्केच असे टिकाऊ सिस्ट करतात. चमकणारा नॉक्टिल्युका त्यांत नाही.

आकार? बहुतेक सिस्ट २० ते १५० मायक्रॉनचे. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

हा लहानपणाच त्यांचा मोठा गुण आहे. जुरासिक खडकांची वयं लावण्यात परंपरेने अमोनाइट या शंखधारी प्राण्यांचा मान पहिला. पण ड्रिलच्या पात्याखाली अमोनाइटचा चुरा होतो. सिस्ट मात्र खडकाच्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यातूनही शाबूत निघतात.

खडकातून काचेवर

खडकाचा तुकडा आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतात. त्यात चुन्याचा भाग विरघळतो. मग हायड्रोफ्लोरिक ॲसिड. हे काच आणि वाळू दोन्ही खातं, आणि माणसाच्या त्वचेतून आत शिरून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे हे काम सुसज्ज प्रयोगशाळेतच होतं; घरी करून बघायचा विचारही करू नका. सिस्ट सेंद्रिय असल्यामुळे या ॲसिडांना पुरून उरतो. उरलेला गाळ बारीक चाळणीतून गाळून काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

दिसतं काय? पिवळट, तपकिरी कणांची गर्दी. त्यात जमिनीवरून वाहून आलेले पराग आणि बीजाणू, लाकडाचे कण, इतर शैवालं, आणि मधूनमधून सिस्ट. काही दुमडलेले, काही फाटलेले, काही एकावर एक चढलेले. इथून खरी तपासणी सुरू होते.

प्रश्न पहिला: हा डायनोफ्लॅजेलेट आहे का?

हा प्रश्न सुटायला शंभरहून जास्त वर्षं लागली. १८३० च्या दशकात बर्लिनच्या क्रिस्टियन एहरेनबर्ग यांनी चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्यांमध्ये असे जीवाश्म पाहिले होते. त्यांतल्या काहींवर प्लेटांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या, म्हणून ते डायनोफ्लॅजेलेट हे कळलं. पण काटेरी गोळ्यांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. १९३३ मध्ये ओटो वेट्झेल यांनी त्यांचा एक वेगळा गटच केला. त्या काटेरी गोळ्यांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हणत. या नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ साळिंदर! ही प्राण्यांची अंडी आहेत की आणखी काही, यावर वाद चालू राहिला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विल्यम एव्हिट यांनी गाठ सोडवली. त्यांचं लक्ष काट्यांपेक्षा भोकाकडे गेलं. या साळिंदरांच्या कवचात एक नीटस, कोनदार भोक होतं, आणि ते नेहमी ठरावीक जागी होतं. त्याचा आकार डायनोफ्लॅजेलेटच्या एखाद्या प्लेटशी किंवा काही प्लेटांच्या गटाशी जुळत होता. काटेसुद्धा प्लेटांच्या मांडणीप्रमाणेच उगवलेले होते. म्हणजे हे गोळे सिस्ट होते, आणि ते भोक म्हणजे जीव बाहेर पडण्याचा दरवाजा.

ज्यांच्यावर असा पुरावा सापडला नाही, त्यांच्यासाठी एव्हिट यांनी १९६३ मध्ये ॲक्रिटार्क हा वेगळा गट केला. त्याचा अर्थच मुळी "मूळ अनिश्चित" असा. शास्त्रात "माहीत नाही" असा कप्पा ठेवणं किती गरजेचं असतं, ते पुढे एआयच्या भागात दिसेलच.

प्रश्न दुसरा: दरवाजा कुठे उघडला?

या दरवाजाला आर्किओपाइल म्हणतात. ओळख पटवताना बहुतेक तज्ज्ञ सगळ्यात आधी तोच शोधतात, कारण तो एका प्रजातीगटात सहसा बदलत नाही. जुरासिक सिस्टमध्ये मुख्यतः चार प्रकार भेटतात.

एक, टोकाचं झाकण उडालेलं. सिस्टेमाटोफोरा आणि सेंटुसिडिनियम हे यातले. वरचा भाग वाकड्यातिकड्या कडेने कापल्यासारखा दिसतो.

दोन, कमरेच्या खोबणीच्या लगेच वरची एकच प्लेट निघालेली. गोन्यॉलॅसिस्टा जुरासिका हे त्याचं नमुनेदार उदाहरण. पाठीच्या बाजूला एक खिडकी उघडल्यासारखी दिसते.

तीन, टोक आणि खोबणी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या प्लेट निघालेल्या. पॅरिओडिनिया सेराटोफोरा यात येतो.

चार, अख्खा वरचा अर्धा भागच सुटलेला. टेनिडोडिनियम आणि वानेया हे असे आहेत. त्यांचे बहुतेक नमुने अर्धेच सापडतात, जणू डबा आहे पण झाकण नाही. नवख्या माणसाला वाटतं, हा तुटलेला आहे. तज्ज्ञाला कळतं की हीच तर त्याची ओळख.

प्रश्न तिसरा: प्लेटांचा नकाशा जुळतो का?

सिस्टवर प्रत्यक्ष प्लेट नसतात, पण त्यांच्या खुणा असतात. कधी उंचवट्याच्या रेषा, कधी काट्यांच्या रांगा. अमेरिकेच्या चार्ल्स कोफॉइड यांनी १९०७ ते १९०९ च्या दरम्यान या प्लेटांना क्रमांक द्यायची पद्धत बसवली. टोकाभोवतीच्या प्लेटांच्या आकड्याला एक टिकली, खोबणीच्या वरच्या रांगेला दोन, खालच्या रांगेला तीन, आणि तळाच्या प्लेटांना चार. थोडक्यात, इमारतीत मजला आणि फ्लॅट नंबर सांगतात तसं. गोन्यॉलॅसिस्टा जुरासिकाची जी खिडकी उघडते, ती दोन टिकल्यांच्या रांगेतली तिसरी प्लेट.

हा नकाशा वाचणं सर्वांत किचकट. सिस्ट पारदर्शक असतो. फोकस थोडा वर नेला की वरची बाजू दिसते, खाली नेला की पलीकडची बाजू आतून दिसते. दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींत मिसळतात. त्यात सिस्ट काचेवर कुठल्याही बाजूने आडवा पडलेला असतो. फोकस वरखाली करत डोक्यात त्याचा त्रिमितीय आकार उभा करावा लागतो. मोबाइलने काढलेल्या एका सपाट फोटोत हे सगळं येत नाही.

प्रश्न चौथा: भिंत कशी, काटे कसे?

भिंत एकपदरी की दुपदरी? दुपदरी असेल तर दोन पदरांत पोकळी आहे का, आणि कुठे? स्क्रिनिओडिनियम क्रिस्टॅलिनममध्ये आतला गोळा बाहेरच्या पारदर्शक पिशवीत ठेवल्यासारखा दिसतो. मग शिंगं आहेत का ते बघायचं. काटे पोकळ की भरीव, त्यांची टोकं मिटलेली की फुटलेली? सिस्टेमाटोफोरात काटे कडी करून झुबक्याने उगवतात, आणि एकेक झुबका एकेका प्लेटच्या जागी असतो. वानेया फिंब्रिएटाच्या कमरेभोवती झालरीसारखी किनार असते. टेनिडोडिनियमच्या कडांवर कंगव्यासारखे दाते असतात. त्याच्या नावातला ग्रीक शब्दही कंगव्याचाच.

आणि मग नॅनोसेराटॉप्सिस. हा पोरगा कुठल्याच वर्गात धड बसत नाही. बाजूने चपटा, खाली दोन शिंगं, वरचा भाग नावापुरता. त्याचा खालचा भाग एका गटाशी नातं सांगतो, वरचा दुसऱ्याशी. शेवटी शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी वेगळा गणच केला. गंमत म्हणजे ओळखायला मात्र तो सगळ्यात सोपा!

नावं बदलतात तेव्हा

आता वर्गीकरण. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर व्हिलेर-स्युर-मेर इथल्या जुरासिक मार्लमधून जॉर्ज दफ्लांद्र यांनी १९३८ मध्ये अनेक सिस्टचं वर्णन केलं. त्यांतल्या एकाला त्यांनी गोन्यॉलॅक्स जुरासिका म्हटलं. गोन्यॉलॅक्स ही आजही जगणारी प्रजाती. पण आपल्या हातात आहे ते फक्त जुरासिक कवच. आतला जीव आजच्या गोन्यॉलॅक्ससारखाच होता हे कसं सांगणार? १९६४ मध्ये जीवाश्मांसाठी गोन्यॉलॅसिस्टा ही वेगळी प्रजाती निघाली आणि १९६५ मध्ये ही जात तिकडे हलवली गेली. आज तुम्ही जुनं पुस्तक उघडलं तर एक नाव, नवं उघडलं तर दुसरं. जीव तोच.

ही शंका नुसती तात्त्विक नव्हती. आजच्या जीवांवर प्रयोग झाले तेव्हा दिसलं की गोन्यॉलॅक्स स्पिनिफेरा या एकाच नावाखाली येणारे जीव अनेक वेगवेगळ्या आकारांचे सिस्ट करतात. उलट बाजूने, लिंग्युलोडिनियम नावाच्या जीवाच्या सिस्टवरचे काटे कमी खारट पाण्यात आखूड होतात. म्हणजे काट्याच्या लांबीतला फरक ही नवी जात असेलच असं नाही. कधी ती फक्त पाण्याची चव असते. म्हणूनच दरवाजा आणि प्लेटा आधी, काट्यांची लांबी नंतर, असा क्रम ठेवतात.

सगळ्या गोंधळावर उपाय म्हणजे नोंदवही. दर नव्या जातीसाठी एक होलोटाइप ठरवावा लागतो, म्हणजे "या नावाचा अर्थ हा नमुना" असा एक मूळ नमुना. कुठलं नाव कुणी कधी दिलं आणि आज ते वैध आहे का, याची यादी लेन्टिन-विल्यम्स निर्देशिकेत असते. तिची २०१७ ची आवृत्ती निघाली आणि तीच माहिती डायनोफ्लाज नावाच्या ऑनलाइन डेटाबेसमध्येही आहे. फोनच्या भाषेत सांगायचं तर ही सगळ्या नावांची मास्टर कॉन्टॅक्ट लिस्ट. डुप्लिकेट नंबर कुठले, ते तिथे कळतं.

नावावरून वय कसं निघतं?

प्रत्येक जात कधीतरी अवतरते आणि कधीतरी संपते. ज्या जातीचा काळ छोटा आणि पसारा मोठा, ती वय सांगायला उत्तम.

लिआसिडियम व्हेरिएबिले हा सिस्ट युरोपात सिनेम्युरियन टप्प्याच्या उत्तरार्धातल्या छोट्याशा काळात मिळतो. तो दिसला की खडक सुमारे १९ कोटी वर्षांच्या पुढचा, एवढं पक्कं. जर्मनीतल्या ल्युंडे गावावरून नाव पडलेला ल्युंडेआ स्पायनोसा हा प्लिन्सबाखियनच्या शेवटी आणि टोआर्सियनच्या अगदी सुरुवातीला भेटतो. मग सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन मोठ्या भागात घटला. त्या वेळच्या युरोपातल्या काळ्या शेलमध्ये डायनोफ्लॅजेलेट सिस्ट जवळजवळ गायब होतात आणि ल्युंडेआ पुन्हा कधीच परतत नाही. पुढे बेजोसियन टप्प्यात, म्हणजे साधारण १७ कोटी वर्षांपूर्वी, गोन्यॉलॅक्सच्या कुळातल्या नव्या जातींची एकदम गर्दी होते.

नॉर्वेच्या प्रकल्पातलं ड्रेक शेल मुख्यतः टोआर्सियन टप्प्यातलं. म्हणजे ते नेमकं अशा काळाच्या अवतीभवती साठलं आहे, जिथे कुठला सिस्ट आहे आणि कुठला नाही यावर थराची जागा ठरते. ल्युंडेआ आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एखादा काटेरी सिस्ट यांत गल्लत झाली, तर थर लाखो वर्षांनी वर-खाली सरकतो.

त्यात ड्रिलिंगची एक खोच आहे. विहीर खणताना खडकाचे तुकडे चिखलाच्या द्रवाबरोबर वर येतात, आणि वरच्या भिंतीचे तुकडे ढासळून त्यात मिसळतात. त्यामुळे खोल नमुन्यात तरुण सिस्ट सापडू शकतो. म्हणून तेल क्षेत्रातले तज्ज्ञ वरून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठे दिसते, त्यावर जास्त भरवसा ठेवतात. खालून वर जाताना ती कुठे सुरू झाली, त्यावर कमी. उलटही होतं. जुना खडक झिजून त्यातले सिस्ट तरुण चिखलात जाऊन बसतात. रंग वेगळा, झीज जास्त, शेजारी भलत्याच काळातले, यावरून ते पकडावे लागतात. या भानगडी टाळायच्या तर विहिरीतून अखंड गाभा काढायचा. नॉर्दर्न लाइट्ससाठी २०१९ च्या अखेरीस खणायला घेतलेल्या ईऑस विहिरीत ड्रेक शेलचा असा गाभा काढला गेला. पण गाभा महाग असतो, आणि बहुतेक जुन्या विहिरींतून फक्त चुराच हातात असतो.

मग एआय कुठे अडतो?

आधी एआयची बाजू नीट मांडू. जवळच्या विषयांत त्याने चांगलं काम केलं आहे. २०१९ मध्ये एंडलेस फोरॅम्स नावाचा संग्रह आला. त्यात फोरॅमिनिफेरा या सागरी सूक्ष्मजीवांचे तज्ज्ञांनी नाव दिलेले ३४,००० हून जास्त फोटो होते, आणि त्यांवर शिकलेल्या मॉडेलने जाती चांगल्या ओळखल्या. २०२० मध्ये एका गटाने अतिसूक्ष्म चित्रण आणि न्यूरल नेटवर्क यांच्या मदतीने जीवाश्म परागांचं वर्गीकरण सुधारून दाखवलं. म्हणजे यंत्राला आकार कळतात, यात शंका नाही.

पण जुरासिक सिस्टच्या बाबतीत चार अडचणी आहेत.

पहिली, लेबल. एंडलेस फोरॅम्स उभं राहिलं ते तज्ज्ञांनी हजारो फोटोंना नावं दिली म्हणून. तिथले जीव आधुनिक होते, भरपूर आणि धड. जुरासिक सिस्टचे फोटो जुन्या जर्नलांत विखुरलेले आहेत, बरेचसे कृष्णधवल, एकेका जातीचे दोन-चार. जी जात वय सांगायला सर्वांत उपयोगी, तीच अनेकदा सर्वांत दुर्मीळ. मॉडेल शिकतं ते जास्त दिसणाऱ्या गोष्टी. आपल्याला हवी असते ती कमी दिसणारी.

दुसरी, खोली. ओळख ठरते ती फोकस वरखाली केल्यावर. म्हणजे एका सिस्टचा एक फोटो पुरत नाही, वेगवेगळ्या खोलींवर घेतलेल्या फोटोंचा संच लागतो. जुन्या संग्रहांत तो नसतो.

तिसरी, बदललेली नावं. १९३८ चं नाव, १९६५ चं नाव आणि आजचं नाव अशी तीन लेबलं एकाच जीवाला लागलेली असतील, तर मॉडेल त्यांना तीन जाती समजेल. आधी निर्देशिका हातात घेऊन सगळी लेबलं एकसारखी करावी लागतील. हे काम वर्गीकरण जाणणाऱ्यालाच जमतं.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर: "माहीत नाही" म्हणणं. साधं मॉडेल त्याला शिकवलेल्या नावांपैकी एक नाव देतंच. समोर दुमडलेला, दरवाजा न दिसणारा सिस्ट आला तरी ते टक्केवारीसह एखादं नाव ठोकून देईल. एव्हिट यांनी ॲक्रिटार्कचा कप्पा केला तो याच मोहापासून वाचण्यासाठी. खरा तज्ज्ञ अहवालात "प्रजाती नक्की, जात अनिश्चित" असं लिहितो, आणि पुढचा इंजिनिअर त्याप्रमाणे सावध राहतो. यंत्रालाही हे शिकवता येतं, पण त्यासाठी ते शिकवणारा माणूस लागतो.

इथेच पेच आहे. गेल्या काही दशकांत तेल कंपन्यांनी आपले पॅलिनॉलॉजीचे विभाग लहान केले किंवा बंद केले. विद्यापीठांत हा विषय शिकवणारे कमी झाले. सूक्ष्मदर्शकापुढे आयुष्य घालवलेली पिढी निवृत्त होते आहे. म्हणजे एआयला शिकवण्यासाठी लेबलं हवीत, लेबलं देणारे तज्ज्ञ कमी होत आहेत, आणि "एआय करेल" या भरवशावर नवे तज्ज्ञ तयार करायची घाई कुणाला नाही. विद्यार्थी हुशार आहे, पण वर्गातून शिक्षकच निघून चाललेत.

वापरण्यासारखी वाट मधली दिसते. काचपट्टी स्कॅन करणं, हजारो कणांतून सिस्टसारखे दिसणारे वेगळे काढणं, नेहमीच्या जाती मोजणं हे यंत्राने करावं. त्याने तज्ज्ञाचे तास वाचतील. ज्या एका सिस्टवर थराचं वय टेकलं आहे, त्यावर मात्र माणसाची सही हवी, आणि त्या सिस्टचा फोटो व काचपट्टीवरची नेमकी जागा नोंदलेली हवी, म्हणजे दहा वर्षांनी कुणीही पुन्हा तपासू शकेल.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकलेला आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लाव्हा असल्यामुळे त्यात सागरी सिस्ट शोधण्यात अर्थ नाही. भारतातले जुरासिक सागरी थर बघायचे तर कच्छ, जैसलमेर आणि हिमालयातलं स्पिती शेल. या भागांतल्या डायनोफ्लॅजेलेट सिस्टवर भारतीय शास्त्रज्ञांनी विशेषतः १९८० च्या दशकापासून काम केलं आहे. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था हे त्याचं मोठं केंद्र.

आणि कार्बन जमिनीखाली साठवण्याची चर्चा इथेही आली आहे. नीती आयोगाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर धोरण अहवाल काढला. उद्या एखाद्या गाळाच्या खोऱ्यात हे करायचं ठरलं, तर "वरचं झाकण अखंड आहे ना?" हा प्रश्न इथेही विचारला जाईल. तो जुरासिक थर नसेल कदाचित, सिस्टही वेगळ्या काळातले असतील. पण पद्धत हीच: दरवाजा, प्लेटा, भिंत, काटे, आणि मग नाव.

तुम्ही भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा डेटा सायन्स शिकत असाल, तर इथे काम आहे. जुन्या काचपट्ट्या चांगल्या खोली-फोटोंसह डिजिटल करणं, नावं निर्देशिकेशी जुळवणं, आणि "माहीत नाही" म्हणू शकणारं मॉडेल बनवणं. नुसती उत्सुकता असेल, तर फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक फोनच्या कॅमेऱ्याला जोडून समुद्राच्या पाण्याचा थेंब बघा. तो साधारण १४० पट मोठं दाखवतो. जुरासिक सिस्टच्या प्लेटा मोजायला तो पुरणार नाही, पण त्याच घराण्यातला एखादा जिवंत वारस गिरक्या घेताना नक्की दिसू शकतो.

नॉर्वेच्या समुद्राखाली भरलेला वायू हजारो वर्षं तिथेच राहायला हवा आहे. त्याच्यावरचं झाकण आपण बनवलेलं नाही. ते १८ कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलाचं आहे. ते कुठून कुठपर्यंत पसरलंय हे सांगणाऱ्या साक्षीदारांमध्ये केसाएवढ्या जाडीचे हे सिस्ट आहेत, आणि त्यांची साक्ष वाचता येणारी माणसं आज मोजकी आहेत. वायू साठवण्यावर खर्च होतो आहे, तसा ही साक्ष वाचणाऱ्यांवरही व्हायला हवा.